मून नाइटला वेड लागलंय, की त्याचा देव खरा आहे?

अंगावर पांढराशुभ्र पोशाख, तोंडावर पांढरं कापड, कपाळावर चंद्रकोर. रात्रभर शहरात फिरून गुंडांना बदडतो आणि म्हणतो, हे मला इजिप्तच्या चंद्रदेवानं सांगितलंय. त्याच्याच डोक्यात आणखी दोघं राहतात, त्यांची नावं वेगळी, धंदे वेगळे. आणि एका कॉमिकात डॉक्टरीणबाई त्याला शांतपणे सांगतात की बाबा रे, तू वयाच्या बाराव्या वर्षापासून याच इस्पितळात आहेस, बाहेर कधी पडलाच नाहीस.

मार्व्हल या अमेरिकन कॉमिक कंपनीच्या ‘मून नाइट’चा हा गोंधळ आहे. मार्च २०२२ मध्ये त्याच्यावर सहा भागांची दूरचित्रवाणी मालिका आली, ऑस्कर आयझॅक या नटानं काम केलं, आणि घराघरांतली पोरं मालिका संपल्यावर मूळ कॉमिकांकडे वळली. तिथं मात्र अनेकांची दांडी गुल होते. पंधरा-वीस पानं वाचून झाली तरी खरं काय आणि मनातलं काय, याचा पत्ता काही केल्या लागत नाही. आमच्या ग्वाल्हेरात, लष्कर भागात, भाड्यानं कॉमिकं आणून वाढलेल्या माझ्या पिढीला तर हे आणखीच अवघड. आम्हांला हिंदी राज कॉमिक्सच्या नागराज आणि ध्रुव या नायकांची सवय. तिथं खलनायक पहिल्या पानावर दात विचकून हसायचा आणि शेवटच्या पानावर मार खायचा, शंकेला जागाच नसायची.

आधी हा माणूस कोण ते बघू

मार्क स्पेक्टर हा शिकागोच्या एका ज्यू धर्मगुरूचा मुलगा. मुष्टियोद्धा, सैनिक, आणि पुढे पैसे घेऊन कुणासाठीही लढणारा भाडोत्री शिपाई. इजिप्तमध्ये बुशमन नावाचा त्याचा म्होरक्या एका उत्खननाच्या जागी लूट करायला निघतो, मार्क आडवा येतो, आणि बुशमन त्याला वाळवंटात मरायला सोडून देतो. मार्क खोन्शू या चंद्रदेवाच्या मूर्तीपुढे मरतो (किंवा मरणाच्या दारात पोचतो, इथूनच वाद सुरू), आणि उठून बसतो. त्या दिवसापासून तो देवाचा माणूस.

हे पात्र पहिल्यांदा आलं १९७५ मध्ये, दुसऱ्याच कुणाच्या मासिकात. एका लांडगामानवाला (पौर्णिमेच्या रात्री लांडगा होणाऱ्या माणसाला) पकडायला भाड्यानं आणलेला माणूस म्हणून. पाश्चात्त्य कथांत लांडगामानव चांदीला भितो, म्हणून याची हत्यारं चांदीची. चंद्राशी नातं जुळलं ते असं, बऱ्यापैकी योगायोगानं. डग मोएंच हा लेखक आणि डॉन पर्लिन हा चित्रकार. १९८० मध्ये त्याला स्वतःची मालिका मिळाली, तेव्हा मोएंचच्या जोडीला बिल सिएन्कीविच होता.

त्या काळात मार्कची बाकीची रूपं हा आजार नव्हताच. स्टीव्हन ग्रँट हा लक्षाधीश आणि जेक लॉकली हा टॅक्सीवाला ही त्यानं मुद्दाम घेतलेली सोंगं होती. लक्षाधीशाला बड्या घरांत शिरता येतं, टॅक्सीवाल्याला रस्त्यावरच्या खबरा कळतात. बहुरूप्यासारखा सरळ व्यवहार. पुढच्या लेखकांनी हळूहळू हा धागा ओढला आणि विचारलं, इतकी वर्षं सोंग घेणाऱ्याला ते उतरवता आलं नाही तर? मग सोंगाचं दुखणं झालं. हे लक्षात ठेवायला हवं, कारण ‘मून नाइटला नेमकं काय झालंय’ याचं उत्तर साल बघून बदलतं. २०१४ च्या मालिकेत तर वॉरन एलिस या लेखकानं डॉक्टरच्या तोंडून सांगून टाकलं की तुला मनाचा आजार नाहीच, एका प्राचीन जाणिवेनं तुझ्या मेंदूत ठाण मांडलंय. पन्नास वर्षांत इतके वैद्य बदलले की रोगाचं नाव एक राहणार कसं!

चित्राला खोटं बोलता येतं

आता मुख्य मुद्दा. कादंबरीत ‘मी’ बोलत असतो आणि तो ‘मी’ भरवशाचा नसला तर त्याला अविश्वसनीय निवेदक म्हणतात. सांगणाराच घोळात आहे, एवढंच. कादंबरी वाचताना आपण त्याच्या शब्दांवर शंका घेतो. पण डोळ्यांनी दिसलेल्यावर शंका घेणं माणसाला जड जातं, आणि कॉमिक नेमकी तिथंच खिंडीत गाठतं.

कॉमिकाच्या पानावर सगळं एकाच शाईनं काढलेलं असतं. खुर्ची, डॉक्टर, कोल्ह्याच्या तोंडाचा राक्षस, सगळ्यांना सारखीच रेघ. भास आहे म्हणून रेघ फिकट काढायची असा काही नियम नाही. चित्रकारानं ठरवलं तर तो भासाभोवती लाटांची किनार काढतो, आपण समजतो की बरं, हे स्वप्न. ती किनार काढायचीच नाही असं ठरवलं की वाचकाची आणि पात्राची अवस्था एक होते. पात्राला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं, पडताळा घ्यायला तिसरी जागा नाही. अशा माणसाच्या आतून जग कसं दिसत असेल, हे सांगायला कॉमिकाइतकं सोयीचं माध्यम मला दुसरं ठाऊक नाही.

दोन गोष्टी जवळून बघण्यासारख्या आहेत. २०१४ च्या मालिकेत चित्रकार डेक्लन शॅल्वी आणि रंगकार जॉर्डी बेलेअर यांनी नायकाला रंगच दिला नाही. भोवतालचा रस्ता, भिंती, पोलिसांचे कोट, सगळ्यांवर रंग. मधोमध हा माणूस म्हणजे कोरा कागद आणि त्यावर काळ्या रेघा. बाकीच्यांवर दिव्याचा उजेड पडतो, छाया पडते, याच्यावर पडत नाही. त्याच मालिकेच्या दुसऱ्या अंकात पानावर आठ चौकटी आहेत, प्रत्येकीत एकेक अनोळखी माणूस आपापल्या कामाला निघालेला. एक बंदूकवाला त्यांना लांबून टिपत जातो. जो मेला त्याची चौकट पुढच्या पानावर नुसती पांढरी. एक, मग दोन, मग तीन. कुणाला काही सांगावं लागत नाही. पांढरा रंग या कॉमिकात एका पानावर नायक असतो आणि दुसऱ्या पानावर मरण.

इस्पितळाची गोष्ट

वर डॉक्टरीणबाईंचा उल्लेख केला ती मालिका २०१६ ची. लेखक जेफ लेमायर, चित्रकार ग्रेग स्मॉलवुड, चौदा अंक. पोरांना सगळ्यात जास्त चक्रावून टाकते ती हीच.

मार्क इस्पितळात जागा होतो. अंगावर रुग्णाचे कपडे. डॉक्टर एमेट सांगतात की मून नाइट वगैरे सगळं तुझ्या मनात. बिली आणि बॉबी हे दोन दांडगे कर्मचारी त्याला मारतात, विजेचे झटके देतात. आजूबाजूचे रुग्ण त्याच्या जुन्या सोबत्यांच्या चेहऱ्यांचे. आता डॉक्टरांचं म्हणणं धरून वाचलं तर सरळ आहे: या गरिबानं रोज दिसणाऱ्या रुग्णांनाच आपल्या कल्पनेतल्या गोष्टीत पात्रं म्हणून घातलं. पण मार्क कापडाचा बुरखा चढवतो आणि त्यातून बघतो, तर बिली-बॉबीच्या धडावर कोल्ह्यांची डोकी. डॉक्टर एमेट म्हणजे अम्मुत, इजिप्तच्या पुराणातली मृतांची काळजं खाणारी राक्षसीण. बाहेर न्यूयॉर्क वाळूत बुडालेलं आणि मधे पिरॅमिड.

दोन्ही वाचनं पुराव्याला धरून आहेत. ‘एमेट’ आणि ‘अम्मुत’ यांत साम्य आहे, ते देवानं ठेवलं की रुग्णाच्या मनानं जुळवलं? माझा भाचा हे पान घेऊन आला आणि म्हणाला, “मामा, एकच सांग, तो वेडा आहे की देव खरा आहे?” मी म्हटलं, “दोन्ही असू शकतं की रे.” त्याला हे अजिबात पटलं नाही. पण माणसाला खरंच कुणीतरी बोलावत असणं आणि त्याच वेळी त्याचं मन दुखावलेलं असणं यात विरोध कुठं आहे?

पुढच्या अंकांत तर चित्रकारच बदलत जातात. स्टीव्हन ग्रँट सिनेनिर्माता होतो ती पानं विल्फ्रेडो टोरेसची, स्वच्छ आणि नेटकी. जेक लॉकली टॅक्सी चालवतो तो भाग फ्रान्चेस्को फ्रान्काविलाच्या गडद नारिंगी-जांभळ्या रात्रीत. चंद्रावर लांडग्यांशी विमानयुद्ध चालतं ते जेम्स स्टोकोच्या बारीक किचकट रेघांत. प्रत्येक व्यक्तित्वाला स्वतःचा हात, स्वतःचे रंग. एकदा हे कळलं की ‘आत्ता कोण बोलतंय’ हे नाव न वाचता ओळखू येतं. ज्यांची दांडी गुल होते त्यांना माझं एवढंच सांगणं, संवाद बाजूला ठेवून आधी रंग बघा.

म्हणजे अंगात येतं तसंच ना?

हा प्रश्न आपल्याकडे येणारच. कुणाच्या अंगात देवी येते, कुणाला खंडोबाचं वारं येतं, आवाज बदलतो, नंतर काही आठवत नाही. मग मार्कच्या अंगात खोन्शू येतो म्हणायला काय हरकत?

मनोविकारांच्या तज्ज्ञांनीही हा प्रश्न घेतलाय. २०१३ मध्ये आलेल्या अमेरिकन निदानपुस्तिकेनं एकाहून अधिक व्यक्तित्वांच्या आजाराची व्याख्या करताना स्पष्ट नोंदवलं की काही संस्कृतींत हाच अनुभव ‘झपाटलं’ म्हणून सांगितला जाऊ शकतो. आणि लगेच अटही घातली: समाजात मान्य असलेल्या धार्मिक रीतीचा तो भाग असेल, तर त्याला आजार म्हणायचं नाही. म्हणजे नवरात्रात गोंधळाला अंगात आलं, तासाभरानं शांत झालं, दुसऱ्या दिवशी बाई आपल्या कामाला लागली, तर डॉक्टर त्यात नाक खुपसणार नाहीत. तेच नको त्या वेळी, नको असताना, रोजचं जगणं उधळून लावत होऊ लागलं, तर मात्र बघायला हवं. मार्कचं दुसऱ्या प्रकारातलं आहे, त्यावर वाद नाही.

इथं एक गंमत सांगतो. खोन्शू हा खरोखरचा इजिप्शियन देव, थीब्जचा, अमुन आणि मुत यांचा मुलगा, कर्नाकला त्याचं देऊळ आजही उभं आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात एक शिलालेख आहे, त्यात एक कथा कोरली आहे: दूरदेशीच्या राजकन्येला पिशाच्चानं झपाटलं, तेव्हा इजिप्तहून खोन्शूची मूर्ती पाठवली आणि देवानं ते पिशाच्च काढलं. मूळ कथेत हा झपाटलेल्यांना सोडवणारा देव. कॉमिकवाल्यांनी त्यालाच मानगुटीवर बसणारा केला.

हा स्किझोफ्रेनियाच ना?

नाही, आणि ही चूक सुशिक्षित घरांतही सर्रास होते. स्किझोफ्रेनियात माणूस एकच असतो, पण त्याला नसलेले आवाज ऐकू येतात, कुणी पाळत ठेवलीय अशी पक्की खात्री वाटते, विचारांची साखळी तुटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात साधारण तीनशे माणसांत एकाला हा आजार असतो. मार्कचा आजार वेगळा. त्याला पूर्वी बहुव्यक्तित्व विकार म्हणत. १९९४ मध्ये अमेरिकन पुस्तिकेनं नाव बदलून त्यात विच्छेदन या शब्दाला जागा दिली. विच्छेदन म्हणजे आठवण, भावना आणि ‘मी’पणा यांची एकमेकांपासून ताटातूट.

आपल्या जुन्या सरदारी वाड्यांची कल्पना करा, ज्यांत पुढं चार बिऱ्हाडं झाली. वाडा एकच, पत्ता एकच, पण मधली दारं पक्की बंद केलेली. पुढच्या खोलीत काय शिजतंय ते मागच्यांना कळत नाही. बाहेरून पत्र आलं तर कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही, आणि ज्याच्या हाती पडलं तो बाकीच्यांना सांगेलच असं नाही. दारं कुणी आणि का बंद केली? बहुतेक संशोधकांच्या मते अगदी लहानपणी झालेला मोठा, वारंवार झालेला छळ हे मुख्य कारण. मुलाला तो सोसवत नाही, मग ‘हे माझ्याशी होतच नाहीये’ असं म्हणत मन एक खोली बंद करून घेतं. दूरचित्रवाणीच्या मालिकेनं हीच वाट धरली: भाऊ बुडून मेला, आईनं दोष मार्कला दिला आणि छळलं. दुसरा एक गट मात्र म्हणतो की सिनेमे आणि उपचारकांच्या सूचनांमुळेही लोक आपला त्रास या साच्यात घालून सांगू लागतात. भांडण मिटलेलं नाही. खऱ्या रुग्णांत ही अदलाबदल सिनेमासारखी झटक्यात, चेहरा वेडावाकडा करून क्वचितच होते. बहुधा दिसतं ते एवढंच: दोन तास कुठं गेले आठवत नाही, कपाटात आपण न घेतलेला शर्ट सापडतो.

आणि खोन्शूचा आवाज? तो यातल्या कुठल्याच खणात नीट बसत नाही. लेखकांनी दोन आजारांची सरमिसळ केलीय, त्यात देव घातलाय, वर बर्फासारखा पांढरा सूट चढवलाय. याला निदान म्हणून कुणी वाचू नये.

मनोरुग्ण म्हणजे मारकुटा, असं नाही का ठसत?

ठसतं. हा आक्षेप मला खरा वाटतो आणि कॉमिकाच्या चाहत्यांनी तो झटकून टाकू नये. मार्क हाडं मोडतो, एका जुन्या कथेत तर त्यानं बुशमनच्या तोंडाची कातडी सोलली. वाचणाऱ्याच्या मनात ‘आजारी म्हणून क्रूर’ असं समीकरण बसायला वेळ लागत नाही. वस्तुस्थिती उलटी आहे. गंभीर मानसिक आजार असलेली बहुतेक माणसं कुणावर हात उचलत नाहीत, उलट मार खाण्याची वेळ त्यांच्यावरच जास्त येते.

शिवाय हाडं मोडायला आजार लागतो कुठं? राज कॉमिक्सचा डोगा आठवा. आमच्याच चंबळच्या खोऱ्यात कचऱ्यातून डाकूनं उचललेलं पोर, पुढे मुंबईत जाऊन कुत्र्याचा मुखवटा घालून गुंडांना गोळ्या घालतो. कायदा हातात घेऊन परस्पर न्याय करणाऱ्या अशा माणसाला इंग्रजीत व्हिजिलांटे म्हणतात. डोगा डोक्यानं ठणठणीत आहे आणि मार्कपेक्षा जास्त मुडदे पाडतो. त्याच्या शहाणपणावर आम्ही कधी शंका घेतली नाही, हीच खरी विचार करण्यासारखी गोष्ट.

इस्पितळ म्हणजे तुरुंगच दाखवलंय

हो, आणि ग्वाल्हेरकरांनी यावर जरा थांबावं. आपल्या गावात संस्थानी काळापासूनची मानसिक आरोग्यशाळा आहे. महाराष्ट्रातले लोक चिडवताना येरवडा म्हणतात, ठाणे म्हणतात. आपल्या बाजूला आग्रा आणि रांची. स्वतःच्या गावचं नाव आपण त्या यादीत घेत नाही. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आग्रा, रांची आणि ग्वाल्हेर या तिन्ही ठिकाणच्या इस्पितळांच्या सुधारणेसाठी आदेश दिले होते. म्हणजे कोंडवाड्याची ती चित्रं अगदीच हवेतून आलेली नाहीत.

पण आजचा कायदा वेगळा आहे, आणि कॉमिक वाचून कुणी घरच्या माणसाला डॉक्टरकडे न्यायला घाबरत असेल तर हे माहीत हवं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २०१८ पासून. बिली-बॉबी देतात तसे भूल न देता विजेचे झटके देणं या कायद्यानं बंद आहे, अल्पवयीनांनाही सहसा नाही. साखळीनं बांधणं बंद. एकट्याला कोंडून ठेवणं बंद. स्वतःहून भरती झालेला रुग्ण घरी जातो म्हणाला तर त्याला सहसा अडवता येत नाही, आणि नातेवाइकांच्या मदतीनं केलेली भरती पहिल्यांदा तीस दिवसांपुरतीच. भूल देऊन, स्नायू सैल करणारं औषध देऊन केलेला विद्युत उपचार मात्र आजही चालतो आणि तीव्र नैराश्यात तो उपयोगी पडतो. कॉमिकातली खुर्ची डोक्यात ठेवून त्याला नाही म्हणू नये. कुणाशी बोलायचं असेल तर सरकारी टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो.

मग शेवटी खरं काय ते सांगतच नाहीत?

२०१६ च्या मालिकेत मार्क लहान असतानाची पानं येतात, स्टीव्हन त्याचा खेळगडी म्हणून भेटतो तेव्हाची. शेवटच्या अंकांत मार्क बाकीच्यांना हाकलत नाही. त्यांना सोबत घेतो आणि नकार देतो तो खोन्शूला. इस्पितळ होतं की नव्हतं, हे तिथंही कुणी पुराव्यासकट सांगत नाही. पैसे वसूल झाले नाहीत असं वाटणारे वाचक असतात, मी त्यांच्यातला नाही. मार्कला घरी परतायला त्या उत्तराची गरज पडली नाही, स्टीव्हन आणि जेकची पडली.

वाचायचंच असेल तर १९८० पासून क्रमानं जाऊ नका, अर्ध्यात सोडाल. २०१४ चे पहिले सहा अंक घ्या. प्रत्येक अंकाची गोष्ट त्यातच संपते, मागचं काही माहीत नसलं तरी चालतं. मग २०१६ चे चौदा, सलग, मधे फार दिवस न घालवता. मालिका बघितली असेल तर ती विसरून वाचा, कारण तिथला लंडनच्या संग्रहालयातला भित्रा स्टीव्हन या कागदांवर नाही. आणि पोरगं बारा-तेरा वर्षांचं असेल तर आधी स्वतः चाळून बघा, रक्त बरंच आहे.